के-जीवनसत्त्वाची कहाणी (७) : कुजलेल्या मासळीतलं धन

आज खरं तर हाडांची पाळी होती. पण दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून एका वाचक बाईंचा प्रश्न आला आणि हाडं आठवडाभर पुढे गेली. त्यांच्या सासूबाईंच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज गोळी चालू. डॉक्टरांनी पालेभाजी जपून खायला सांगितलं. मासळीचं काही बोलले नाहीत. घरात तर दोन्ही वेळेला मासळीच. मग मासळीत ‘के’ असतं का?

ताज्या मासळीत नाहीच म्हणावं इतकं कमी. खाडीतली कोळंबी, बोईट, निवटी. ‘के’चा हिशेब करता सासूबाईंनी खुशाल खावीत.

आणि तरीही ‘के’चा ‘के२’ हा प्रकार शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो मासळीतूनच!

कॅलिफोर्नियात आल्मक्विस्ट आणि स्टोकस्टाड कोंबडीच्या पिल्लांना मासळीची भुकटी घातलेलं खाद्य देत होते. पिल्लांच्या कातडीखाली रक्त साकळायचं. हीच भुकटी भिजवून कुजू दिली आणि मग खाऊ घातली, तर पिल्लं वाचायची. त्यांचा निबंध १९३५ साली आला, पण कोपनहेगनच्या डॅम यांचा त्याआधी छापून झाला होता. पुढे १९३९ मध्ये सेंट लुईसच्या डॉइझी यांच्या चमूने लसूणघासातून ‘के१’ आणि कुजलेल्या मासळीच्या भुकटीतून ‘के२’ वेगळं काढलं. १९४३ चं नोबेल डॅम आणि डॉइझी यांना मिळालं. आल्मक्विस्ट राहून गेले.

ते ‘के२’ मासळीचं नव्हतंच. मासळी कुजवणाऱ्या जिवाणूंनी ते तयार केलं होतं. कोळीवाड्यात सगळी धडपड असते ती नेमकी या जिवाणूंना थारा न देण्याची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर टांगायचे, ऊन-वारा लागून कडक होईपर्यंत उतरवायचे नाहीत.

असेच जिवाणू आपल्या आतड्यातही ‘के२’ बनवतात. नवजात बाळाच्या आतड्यात ते अजून रुजलेले नसतात, आईच्या दुधातही ‘के’ फार थोडं. म्हणून जन्मल्याबरोबर बाळाच्या मांडीत १ मिलिग्रॅम ‘के१’ टोचतात. पूर्वी त्यासाठी कृत्रिम ‘के३’, म्हणजे मेनाडिओन, वापरत. त्याच्या मोठ्या मात्रेने अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटू लागल्या, कावीळ वाढू लागली, तेव्हा ते मागे पडलं. आज ‘के३’ जातं ते कोंबड्यांच्या खाद्यात.

आता सासूबाईंची गोळी. गेल्या आठवड्यातला, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवरचा कॅल्शियम पकडणारा चिमटा आठवा. तो घडवताना ‘के’ खर्ची पडतं आणि यकृत ते पुन्हा वापराजोगं करून घेतं. वॉरफरिन किंवा असेनोकुमरॉल हा फेरवापरच अडवतं. ताटात ‘के’ अचानक वाढलं की गोळी तोकडी पडते. एकदम घटलं की रक्तस्रावाचं भय.

दिवाळ्यात हा बदल पावसाळ्यात होऊ शकतो. जून-जुलैत यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात, ताटातली मासळी कमी होते आणि तिच्या जागी माठ, अळू, शेवग्याचा पाला येतो. पालेभाजी सोडू नये, पण आठवड्याचं प्रमाण बारा महिने सारखं ठेवावं. ताट बदलणारच असेल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घालावं आणि आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी करून घ्यावी. गोळीची मात्रा घरच्या घरी बदलू नये.

हाडं पुढच्या आठवड्यात. तिथल्या ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनालाही हाच चिमटा लागतो.