अकरावे पान

मे महिन्याच्या सुट्टीत आतोबा आमच्याकडे आले की दुपारी पत्त्यांचा डाव बसायचा. झब्बू, बदामसत्ती, मेंढीकोट खेळून झाले की चहाच्या आधी आतोबा कॅटमधली २१ पाने मोजून बाजूला काढत आणि म्हणत, "एक पान मनात धर. कुणाला सांगू नकोस." मग ती पाने तीन उभ्या रांगांत मांडायची, मनातले पान कोणत्या रांगेत आहे एवढेच विचारायचे, रांगा गोळा करायच्या आणि पुन्हा मांडायच्या. असे तीनदा झाले की ते एकेक पान उघडे टाकत जात. माझे पान येऊन गेले तरी त्यांचा हात थांबत नसे. आणखी चार-पाच पाने टाकून ते म्हणत, "आता मी जे पान उलटेन ते तुझे. लावतोस चार आणे?" माझे पान तर केव्हाच येऊन गेलेले. मी आनंदाने चार आणे लावी. आतोबा हातातला गठ्ठा खाली ठेवत, टाकलेल्या पानांतून माझेच पान शोधून काढत आणि तेच उलटून पालथे करत.

सगळे हसत. मग ते पावली माझ्या हातावर परत ठेवत. "असू दे रे. जादूतले पैसे खिशात घालायचे नसतात."

सातवीत असताना मी पाने मोजायला लागलो आणि लक्षात आले, की दर वेळी मनातले पान अकरावेच निघते. त्या दिवशी मला एकदम मोठे झाल्यासारखे वाटले. त्या मोठेपणाची किंमत मी पाच-सहा वर्षांनी रोख मोजली, ती हकीकत पुढे येईल. गेली वीसेक वर्षे नोकरी सांभाळून मी पत्त्यांच्या जादूविषयी मिळेल ते वाचतो आणि हात चालतील तेवढे प्रयोग घरगुती बैठकीत करतो. या जादूचे गुपित उघड करावे की नाही, हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी गुपित किती असते ते पाहायला हवे.

तीन उत्तरांचे गणित

पाने पालथी धरून वरून एकेक उघडे मांडायचे. पहिले डावीकडे, दुसरे मध्ये, तिसरे उजवीकडे, चौथे पुन्हा डावीकडच्या पानाखाली. अशा सात आडव्या ओळी झाल्या की सात-सात पानांच्या तीन उभ्या रांगा तयार होतात. पाहणाऱ्याने सांगितलेली रांग गोळा करताना ती नेहमी उरलेल्या दोन रांगांच्या मध्ये ठेवायची. करायचे ते एवढेच.

पहिल्या उत्तरानंतर २१ पानांपैकी ७ उरतात आणि रांग मध्ये गेल्यामुळे मनातले पान गठ्ठ्यात आठव्या ते चौदाव्या जागेच्या दरम्यान असते. पुन्हा मांडले की या जागांवरची पाने तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ओळीत पडतात. म्हणून दुसऱ्या उत्तरानंतर फार तर तीन पाने उरतात. ती रांग मध्ये गेली की पान दहावे, अकरावे किंवा बारावे. तिसऱ्यांदा मांडताना या तिन्ही जागा चौथ्या ओळीत शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या रांगांत येतात. आता रांग सांगितली की तिच्यातले बरोबर मधले पान, दुसरे असूच शकत नाही. ती रांग पुन्हा मध्ये ठेवली की वरची सात आणि रांगेतली चार मिळून अकरा.

म्हणजे जादूगाराने काही ओळखलेलेच नसते. पाहणाऱ्यानेच तीन उत्तरांत आपले पान सांगून टाकलेले असते. आपण ते सांगतो आहोत, एवढेच त्याला कळत नाही.

हेच २७ पानांनी केले तर गणित अधिक देखणे होते. फ्रेंच गणिती जोसेफ दियाझ गेर्गोन यांनी १८१३-१४ च्या सुमारास आपल्या गणितविषयक नियतकालिकात त्याचा विचार मांडला. २७ म्हणजे ३ × ३ × ३. इथे पान कितवे निघावे हे पाहणाराच ठरवू शकतो. समजा तो विसावे म्हणाला. २० मधून १ वजा केला की उरले १९, म्हणजे नवाचे दोन गट, तीनाचा एकही नाही आणि सुटा एक. पालथ्या गठ्ठ्यातली वरची जागा शून्य, मधली एक आणि खालची दोन धरायची. सुट्यापासून सुरुवात करायची. पहिल्या वेळी सांगितलेली रांग मध्ये, दुसऱ्या वेळी वर, तिसऱ्या वेळी खाली ठेवली की पान विसावे निघते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० गोल पाने असतात. त्यांतली २७ घेऊनही मी हा प्रयोग केला आहे. गणिताला पान गोल की चौकोनी याचे काही नसते.

कापणे आणि पिसणे

दुसरा सोपा प्रयोग याहून जुजबी आहे. कॅट हातात घेताना अगदी खालचे पान गुपचूप पाहून ठेवायचे. समजा ती किलवरची नव्वी आहे. समोरच्याला कुठलेही एक पान घ्यायला सांगायचे, पाहून गठ्ठ्यावर ठेवायला सांगायचे आणि गठ्ठा कापायला लावायचे. कापल्यावर खालचा भाग वर येतो, त्यामुळे नव्वी त्याच्या पानाच्या बरोबर डोक्यावर जाऊन बसते. पुढे तो दहा वेळा कापो, फरक पडत नाही. कापणे म्हणजे गोल माळ वेगवेगळ्या मण्याशी उघडण्यासारखे आहे. मण्यांचा क्रम तोच राहतो. मग वरून पाने उघडत जायची आणि नव्वीनंतरचे पान त्याचे. नव्वी अगदी शेवटी आली, तर सगळ्यात पहिले पान त्याचे.

यात मला सर्वांत थक्क करते ती पुढची गोष्ट. हा प्रयोग ज्यांना दाखवला, त्यांना काही दिवसांनी मी विचारतो, काय झाले होते? बहुतेक जण सांगतात, "मी पान घेतले, कॅटमध्ये कुठेतरी घातले, स्वतः पिसले. यांनी तर हातसुद्धा लावला नाही." त्यांनी पिसलेले नसते, कापलेले असते. पान कुठेतरी घातलेले नसते, वर ठेवलेले असते. आणि कॅट मीच त्यांच्या हातात दिलेला असतो. पिसले असते तर नव्वी आणि त्यांचे पान यांची ताटातूट होऊन प्रयोगच बिघडला असता.

ही माणसे खोटे बोलत नसतात. आठवणीत कापणे आणि पिसणे यांत फरक राहत नाही, आणि जो तपशील बिनमहत्त्वाचा वाटला तो गळून जातो. चांगला जादूगार या गळतीला हातभार लावतो. शेवटचे पान उघडण्याआधी तो सहज उजळणी करतो, "तुम्हीच पान निवडलेत, तुम्हीच मिसळलेत." 'मिसळलेत' हा एक शब्द दहा हातचलाख्यांचे काम करतो. आतोबांची पैजही तशीच होती. 'उलटेन' म्हणजे हातातले पुढचे पान, हा अर्थ माझा मीच लावत होतो.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १८९४ साली जादूगारांच्या कसबावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी जादूगारांच्या हालचालींची एकामागोमाग वेगाने छायाचित्रे घेण्यात आली होती. समोर बसलेल्याला फसवणारी हातचलाखी त्या चित्रांत उघडी पडली. कॅमेऱ्याला कुणी बोलून दुसरीकडे पाहायला लावू शकत नाही आणि तो कशाची अपेक्षाही करत नाही.

अपेक्षा जाणकाराचीही असते, किंबहुना जास्त असते. एखादी जादू तीनदा पाहिली की आपण तिचे मर्म ओळखतो, असे हुदिनी म्हणत. १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन या तरुणाने हुदिनींच्या सहीचे पान गठ्ठ्यात घातले आणि ते वर आलेले दाखवले. पुन्हा घातले, पुन्हा वर. कितीदा पाहूनही हुदिनींना ते उलगडले नाही. सोपी जादू त्याच माणसांसमोर लगेच दुसऱ्यांदा करू नये, हा नवशिक्यासाठी पहिला नियम. तो मोडण्यासाठी व्हर्ननचे हात लागतात.

राणीचा दुमडलेला कोपरा

आता ती हकीकत. बारावीनंतर प्रवेशाची फी भरायला मी एकटाच शहरात आलो होतो. स्टेशनाबाहेर एका उलट्या खोक्यावर तीन पत्ते पालथे पडले होते, भोवती सात-आठ माणसे. बदामाची राणी ओळखा, दुप्पट पैसे घ्या. मी बाजूला उभा राहून पाहू लागलो, आणि आपण आतोबांचे शिष्य असल्यामुळे मला त्यातली युक्ती दिसलीही. उजव्या हातात दोन पत्ते एकावर एक धरलेले, राणी खाली. पाहणाऱ्याला वाटते की आधी खालचा पत्ता पडणार. तो माणूस मधूनच वरचा सोडत होता.

तेवढ्यात खेळवणारा पैसे मोजायला वळला आणि गर्दीतल्या एकाने पटकन राणीचा कोपरा दुमडला, माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. खेळवणाऱ्याला काही दिसले नाही. पत्ते पुन्हा फिरले. दुमडलेला कोपरा मला स्पष्ट दिसत होता. मी फीचे सगळे पैसे त्या पत्त्यावर ठेवले. पत्ता उलटला, तो इस्पिकचा छक्का होता.

कोपरा दुमडणारा त्यांच्यातलाच होता. फिरवता फिरवता राणीचा कोपरा सरळ करून छक्क्याचा दुमडण्यात आला होता. ज्याला काहीच कळत नव्हते तो तिथून निघून गेला असता. आपल्याला गुपित कळले आहे असे ज्याला वाटते, त्याच्यासाठीच तो कोपरा दुमडलेला होता.

घरी मी खिसा कापला गेल्याचे सांगितले. वडिलांनी एक शब्द न विचारता उसने काढून पुन्हा पैसे दिले. ते गेले तोवर खरे काय घडले ते मी त्यांना सांगितले नाही.

सांगावे की नाही

जादूगारांच्या जगात गुपित न फोडण्याची शिस्त आहे आणि व्यावसायिक कलावंताच्या पोटाचा प्रश्न असल्यामुळे ती मला मान्य आहे. नव्या कल्पनेवर तिच्या कर्त्याचा हक्क असतोच. परंतु पत्त्यांच्या जादूची उकल करणारे इंग्रजीतले एक आद्य पुस्तक कशासाठी लिहिले गेले, हेही लक्षात ठेवायला हवे. १५८४ साली इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉट यांनी चेटकिणींच्या समजुतीविरुद्ध ग्रंथ लिहिला. गरीब म्हाताऱ्या बायकांना चेटकीण ठरवून मारले जात होते, तो हा काळ. ज्याला लोक सैतानी शक्ती म्हणतात ते माणसाच्या हातांनी करता येते, हे दाखवण्यासाठी त्यांनी नाणी, चेंडू आणि पत्ते यांच्या युक्त्या उघड करून सांगितल्या. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कार करून दाखवतात आणि त्यामागचे शास्त्र समजावतात, ते याच वाटेने. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अद्भुत शक्तीच्या नावाने लोकांना लुबाडणाऱ्याला तो गुन्हेगार मानतो. जादूचा प्रयोग म्हणून प्रयोग करणाऱ्याला त्याची भीती नाही.

म्हणून २१ पाने, कापलेला कॅट आणि तीन पत्ते यांबद्दल मी विचारेल त्याला सांगतो. मात्र नुसती युक्ती सांगून थांबत नाही, कारण तेवढेच कळलेला मुलगा स्टेशनाबाहेर कसा उभा राहतो ते मला ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने पाने मोजली. "मामा, दर वेळी अकरावंच येतं!" तिचा चेहरा मला ओळखीचा होता. मी तिला गणित समजावले. मग तीन पत्ते काढले, माझ्या पुतण्याला खूण केली, त्याने तिच्यासमोर राणीचा कोपरा दुमडला. तिने भाऊबिजेची पन्नासची नोट लावली आणि हरली. ती रडवेली झाली तेव्हा मी नोट तिच्या हातावर परत ठेवली आणि ती फीची गोष्ट, खिसा कापल्याच्या थापेसकट, पहिल्यांदा घरात सगळ्यांसमोर सांगितली.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आता ते कोपऱ्याचं शिकव. पण पैसे परत द्यायचे, हो ना?"