नत्राची समृद्धी आणि माळरानाचे दारिद्र्य

हवेच्या 100 भागांत सुमारे 78 भाग नत्रवायूचे असतात. वनस्पती जणू नत्राच्या महासागरातच उभ्या आहेत. परंतु त्यातील एक कणही त्यांना स्वतःच्या बळावर घेता येत नाही. नत्रवायूच्या दोन अणूंची जोडी अत्यंत घट्ट असते. आकाशातील वीज किंवा द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू ही जोडी फोडतात, तेव्हाच नत्र वनस्पतींच्या उपयोगी पडते. निसर्गात हे कार्य मंदगतीने चालते. म्हणून बहुतेक गवताळ प्रदेशांत नत्राची चणचण हीच नेहमीची स्थिती होय.

ही चणचण माळाला मारक नसून तारक ठरते. भारताच्या तृणप्रदेशांची जी देशव्यापी पाहणी दबडघाव व शंकरनारायण यांनी 1973 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तीत दख्खनचे माळ शेडा व मारवेल या गवतांच्या गटात, तर दिल्लीचा परिसर मारवेल, अंजन व सेवण यांच्या गटात घातला आहे. पुणे-सोलापूरकडील माळावर शेडा, पवन्या, डोंगरी, कुसळी अशी गवते आणि त्यांच्या पायाशी अनेक लहान द्विदल वनस्पती एकत्र नांदतात. जमीन गरीब असल्यामुळे कोणा एकीलाच भरमसाट वाढून इतरांना झाकून टाकता येत नाही.

येथील जुन्या पशुपालनानेही हा तोल सांभाळला. धनगरांची मेंढरे दिवसा माळावर चरतात आणि रात्री शेतकऱ्याच्या रानात बसतात. लेंडी-मुताच्या रूपाने माळावरील नत्र शेताला मिळते व त्याच्या मोबदल्यात धनगराला धान्य मिळते. नत्राचा ओघ माळाकडून शेताकडे असा वाहतो.

विसाव्या शतकात हा ओघ उलटला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखविला; 1913 मध्ये ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. भारतात सिंद्री येथील कारखान्यातून 1951 मध्ये अमोनियम सल्फेट बाहेर पडू लागले. या खतांनी कोट्यवधी लोकांच्या मुखी अन्न घातले, हे निर्विवाद आहे. परंतु शेतात टाकलेले सर्व नत्र पिकाच्या वाट्याला येत नाही. काही पाण्याबरोबर वाहून जाते, काही अमोनिया होऊन हवेत उडते. वाहने व भट्ट्या यांच्या धुरातील नत्राची संयुगे त्यात मिसळतात. पुढे पाऊस व धूळ यांच्यासह हे नत्र, ज्या कुरणांवर कोणी मूठभर खतही टाकले नाही, त्यांच्यावरही उतरते.

त्याचा परिणाम काय होतो? इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे लॉज व गिल्बर्ट यांनी 1856 मध्ये सुरू केलेला कुरणाचा प्रयोग अद्याप चालू आहे. तेथे खत न घातलेल्या तुकड्यांत सुमारे 40 जातींच्या वनस्पती आढळतात. परंतु जेथे वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट भरपूर घातले आणि चुना घातला नाही, तेथे माती आम्ल होऊन अवघ्या दोन-तीन जाती उरल्या. गवत वाढले, पण कुरण दरिद्री झाले.

आम्लता हे याचे एक कारण. दुसरे कारण प्रकाश. नत्र विपुल झाले की उंच व जलद वाढणारी गवते फोफावतात आणि खालच्या वनस्पती अंधारात कोंडल्या जातात. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी खत दिलेल्या वनस्पतींच्या तळाशी दिवे लावून पाहिले, तेव्हा जातींची हानी टळली. हा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. द्विदल वनस्पतींवर तर दुहेरी आपत्ती येते. नत्र मिळविण्याची जी विद्या त्यांचा आधार होती, तीच निरुपयोगी ठरते.

मात्राही फार मोठी लागत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा येथे दरसाल हेक्टरी केवळ 10 किलो नत्र दिल्यानेही जातींची संख्या 17 टक्क्यांनी घटली, असे 2008 मध्ये दाखविण्यात आले.

भारताला हा विषय परका नाही. गंगा-सिंधूच्या मैदानावरील हवा अमोनियाने जगात सर्वाधिक भारलेल्या हवांपैकी एक आहे, हे उपग्रहांनी टिपले आहे. त्याच मैदानाच्या काठी, दिल्लीतील द्वारका येथे असलेल्या गुरू गोविंद सिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठातील प्राध्यापक एन. रघुराम हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नत्र-लेखाजोखा या ग्रंथाचे एक संपादक होते. मार्च 2019 मध्ये नैरोबी येथील संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने नत्राच्या सुयोग्य व्यवस्थापनाचा ठराव संमत केला. त्यासाठी भारतानेच पुढाकार घेतला होता. त्याच वर्षी कोलंबो येथे 2030 पर्यंत नत्राची नासाडी निम्म्यावर आणण्याचे ध्येय घोषित झाले.

झालेली हानी भरून येते काय? ब्रिटनमध्ये हवेतून उतरणारे नत्र घटल्यावर रॉथमस्टेडच्या कुरणात काही जाती परतल्या. मिनेसोटात मात्र जेथे मात्रा मोठी होती, तेथे खत थांबवून वीस वर्षे लोटली तरी पूर्वस्थिती फारशी आली नाही.

म्हणून ‘पडीक’ समजून माळाला सुपीक करण्याचा मोह आवरला पाहिजे. वेडी बाभूळ, गिरिपुष्प यांसारखी झाडे द्विदल कुळातील आहेत. ती माळावर लावली की सावली व नत्र दोन्ही एकदमच आणतात. ओसाड जमिनीला हे वरदान असेल. परंतु शेडा व पवन्याच्या वस्तीला, आणि त्यांवर जगणाऱ्या माळढोक पक्ष्याला व मेंढपाळाला, ते मानवत नाही. शेताला त्याच्या गरजेइतकेच नत्र द्यावे आणि माळाला त्याची गरिबी राखू द्यावी, यातच दोघांचे हित आहे.