दुखत नाही म्हणून हृदय ठणठणीत असतंच असं नाही

पुण्याच्या लोहगाव तळावर २००२ साली हवाई दलाची सुखोई-३० एमकेआय लढाऊ विमानं दाखल झाली. असं विमान वेगात झटकन वळलं की वैमानिकाच्या शरीरावरचा भार आठ-नऊ पट होतो. साठ किलोच्या माणसाला आपण पाचशे किलोचे झालो असं वाटतं. रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय आणि पोट आवळून धरणारा खास पोशाख असतो, तरी रक्त मेंदूपर्यंत चढवायचं काम हृदयालाच करावं लागतं.

म्हणून वैमानिकाची दरवर्षी तपासणी होते, तक्रार काही नसली तरी. बीपी, साखर, रक्तातली चरबी, ईसीजी. शंका आली तर पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात. कारण झोपून काढलेला ईसीजी चांगला आला तरी रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. हृदयाला जोर पडला की तो कळतो.

तरुण आहे, अंगमेहनत करतो, म्हणून त्याला काही होणार नाही, हा समज खोटा आहे. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवचिकित्सा झाली. सरासरी वय २२. त्यातल्या दर चारांपैकी तिघांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. हा अहवाल १९५३ सालचा आहे.

दोष सापडला की वैमानिकाचं उड्डाण थांबतं. या भीतीने काहीजण त्रास लपवतात. आपल्याकडेही तेच चालतं. घोटावडे फाटा, पिरंगुट भागात ठेकेदाराकडे काम करणारा भाऊ, टेम्पो चालवणारा, क्रेनवर बसणारा, 'अनफिट' ठरलो तर रोजी जाईल म्हणून गप्प बसतो. भीती खरी आहे. पण हवाई दलात उड्डाण थांबणं हा नेहमीच शेवट नसतो. उपचार होतात, पुन्हा तपासतात. काहीजण परत उडतात, काहींना सोबत दुसरा वैमानिक असेल तरच परवानगी मिळते. बीपी, साखर वेळेवर सापडली तर गोळ्यांवर माणूस वर्षानुवर्षं काम करतो. लपवली तर कामासोबत जीवही जातो आणि गाडी चालवणाऱ्यासोबत इतरांचाही.

तेव्हा एवढं करा :

• तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, बायकांनीही, सरकारी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासून घ्यावी. ही तपासणी मोफत असते. आशाताईंना विचारा.

• बरं वाटतं म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका.

• तंबाखू, बिडी, मिश्री सोडा. जेवताना वरून मीठ घेऊ नका.

• छातीत दाब किंवा कळ, डाव्या हातात अथवा जबड्यात दुखणं, दरदरून घाम, एकदम दम लागणं, हे 'पित्त' समजून सोडा पीत बसू नका. बायकांमध्ये कधी नुसता थकवा, मळमळ आणि धापच असते. लगेच १०८ ला फोन करा. रुग्णाला चालवू नका.

• अँजिओप्लास्टी, बायपास महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाताशी ठेवा, दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.

वैमानिकाला तपासणीला पाठवायला अख्खं हवाई दल मागे असतं. आपल्या घरातल्या कमावत्या माणसाला आणि राबणाऱ्या बाईला आपणच हाताला धरून न्यायचं आहे.