लाल बनातीचा तुकडा

पावसाळ्यात मुंबईतल्या एखाद्या पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर जाते, पण परतताना रेंगाळते. तोच सूर लगेच पुन्हा वाजवायला जावं, तर उमटतच नाही. तार ठीक, हातोडीही ठीक. दुखणं असतं सांध्यात.

पट्टीमागच्या यंत्रणेला ॲक्शन म्हणतात. ग्रँड पियानोत 88 पट्ट्या, प्रत्येकीमागे किमान चार सांधे. मेपल किंवा हॉर्नबीमच्या लाकडाला भोक, भोकाला आतून लाल बनातीचं अस्तर आणि त्यात फिरणारी जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची पिन. हवेतली ओल लोकर पिते, फुगते, पिनेला आवळते. मग ट्यूनर हातोडी हलवून ती किती झोके घेते ते पाहतो आणि अस्तर किंचित कोरून सांधा मोकळा करतो. उष्णतेचा त्रास वेगळा. नुसत्या उबेनं लाकूड फारसं बदलत नाही; पण बंद खोली तापवली की हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि स्क्रू ढिले होतात.

न्यूयॉर्कच्या वाट्याला दोन्ही येतं: दमट उन्हाळा आणि हीटरनं सुकवलेला हिवाळा. तिथल्या स्टाइनवे कंपनीनं 1962 मध्ये बनात काढून टेफ्लॉनचे बुश बसवले. टेफ्लॉन ओल पीत नाही, तेल मागत नाही. विचार धाडसी होता, आणि मला तो आजही आदराचा वाटतो. पण बुशाभोवतीचं लाकूड लाकूडच राहिलं. ते फुगलं की त्यातलं भोक लहान होईल असं वाटतं, होतं उलटं. बैलगाडीच्या चाकाला चढवायची लोखंडी धाव तापवली की तिचा घेर वाढतो, तसंच हे. भोक मोठं झालं, बुश तेवढाच राहिला, आणि सुरासोबत बारीक ‘टक’ ऐकू येऊ लागलं. हिवाळ्यात आकसलेलं लाकूड तोच बुश पिनेवर दाबू लागलं. बनात अशा वेळी दबते आणि जागा मिळाली की पुन्हा उमलते. लाकडाच्या ऋतूंशी जुळवून घेण्याचा हा गुण टेफ्लॉनमध्ये नव्हता.

1982 मध्ये कंपनी बनातीकडे परतली. त्या वीस वर्षांतले पियानो दुरुस्तीला आले की अनेक कारागीर ते सांधे काढून बनातीचे नवे भाग बसवतात.

जपानच्या कावाई कंपनीनं मात्र अस्तराऐवजी लाकडालाच हात घातला. ॲक्शनचे अनेक भाग तिनं एबीएस प्लास्टिकचे केले, पुढे त्यात कार्बनचे तंतू मिसळले. पिनेभोवती अस्तर ठेवलं ते कापडाचंच.