उशिरा येणाऱ्या कमतरता

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा उगम शोधत मागे गेलं, की आपण पोचतो ते १९५४ सालातल्या मिनेसोटाच्या काही कुत्र्यांपाशी. क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या तिघांना लहान आतड्याचा कुठला भाग पोषणाला किती लागतो, एवढंच पाहायचं होतं. वरचा निम्मा भाग गेला तरी कुत्र्यांचं वजन टिकलं. खालचा निम्मा गेला तेव्हा मात्र अन्नातली चरबी शोषली जाईना आणि कुत्री वाळली. म्हणजे ही शस्त्रक्रिया ज्या निबंधाचा आधार सांगते, तो निबंध मुळात पोषणाचा होता. पुढची पंधरा-वीस वर्षं सर्जन मंडळींनी त्यातलं ‘वजन उतरलं’ एवढंच वाचलं की काय, असं वाटतं.

कारण लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत बघा. वीसेक फुटांच्या लहान आतड्यातलं ड्युओडिनम या अगदी पहिल्या भागानंतरचं १४ इंच आणि शेवटचं ४ इंच एकमेकांना जोडायचं, मधलं सगळं बाजूला टाकायचं. वजन उतरायचं, यात वाद नव्हता. पण दिवसभर जुलाब व्हायचे, सांधे धरायचे, मूतखडे व्हायचे. मूतखड्यांचं गणित मजेशीर आहे: एरवी कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडून शौचावाटे बाहेर नेतं. इथे न शोषलेली चरबी कॅल्शियमला आधीच चिकटायची, मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जायचं. काहींचं यकृत निकामी झालं, काही दगावले. अनेकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली आणि १९८०च्या सुमारास ही पद्धत मागे पडली.

आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये वेगळी वाट धरली. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या बायकांचं वजन पुन्हा वाढत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी जठराची लहानशी पिशवी केली आणि ती खालच्या आतड्याला जोडली. हाच तो गॅस्ट्रिक बायपास. यात जुलाबांचा कहर नव्हता, म्हणून पोषणाचं नुकसानही नजरेत भरेना. पण अन्न आता ड्युओडिनमला वळसा घालून पुढे जात होतं, आणि लोह आणि कॅल्शियम शोषण्याची मुख्य जागा नेमकी तीच. शिवाय लहान पिशवीत आम्ल कमी झालं, की डाळी-भाज्यांतलं लोह शोषण्याजोग्या रूपात येत नाही.

बी-१२ची गोष्ट याहून संथ. जठरातून पाझरणारा एक घटक सोबत असल्याशिवाय ते शोषलं जात नाही. असा घटक असतो, हे बोस्टनच्या विल्यम कॅसल यांनी १९२९ मध्येच दाखवलं होतं. त्यासाठी ते स्वतः गोमांस खात, तासाभराने ते ओकून काढत आणि बी-१२च्या कमतरतेने होणाऱ्या प्राणघातक रक्तक्षयाच्या रुग्णांना देत. (असला प्रयोग आजची कुठलीही एथिक्स कमिटी मंजूर करणार नाही.) तेव्हा जठर बाजूला केलं तर पुढे काय होणार, हे वैद्यकाला माहीत होतं. फसवलं ते यकृताने. त्यातला बी-१२चा साठा वर्षानुवर्षं पुरतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तपासण्या छान येतात, रुग्ण डॉक्टरांकडे जाणं थांबवतो, आणि पायाला मुंग्या येऊ लागतात तेव्हा त्या बायपासची कुणाला आठवणही होत नाही.

याच्या अगदी उलट थायमिन, म्हणजे बी-१. त्याची शिल्लक दोन-तीन आठवड्यांचीच. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या झाल्या, तर महिना-दोन महिन्यांत डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये या मेंदूविकाराचे तीन रुग्ण नोंदवले. दोघे दारू पिणारे पुरुष होते, आणि तो आजार पुढे दारूच्याच नावाने ओळखला गेला. तिसरी मात्र शिवणकाम करणारी एक तरुणी होती. तिने सल्फ्युरिक ॲसिड प्यायलं होतं. त्यानंतर तिच्या उलट्या थांबेनात. बायपासनंतरच्या रुग्णाची खरी पूर्वज तीच. अशा रुग्णाला ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून आधी ग्लुकोजचं सलाइन लावलं, तर उरलंसुरलं थायमिनही ते ग्लुकोज वापरण्यात संपतं आणि प्रकृती झपाट्याने ढासळते. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर.

मग आली स्लीव्ह. आतड्याला हात लावायचा नाही, जठराचा केळ्यासारखा निमुळता भाग तेवढा ठेवायचा. गेल्या दशकात जगभर हीच सर्वांत जास्त केली जाऊ लागली आणि ‘यात काही कमी पडत नाही’ असा समज तिच्यासोबत पसरला. पण कापून टाकलेल्या भागातच आम्ल आणि कॅसलचा तो घटक तयार करणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने असतात. वर ॲसिडिटीची गोळी रोजची असली, तर विचारायलाच नको.

अमेरिकेतल्या बेरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुधारून दिलेले आकडे आजही बहुतेक ठिकाणी प्रमाण मानले जातात: कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्व ३००० युनिट, मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, बी-१२ तोंडावाटे ३५० ते ५०० मायक्रोग्रॅम. शेवटचा आकडा बघून लोक दचकतात, कारण रोजची गरज जेमतेम अडीच मायक्रोग्रॅमची. पण कॅसलच्या घटकाविना साधारण एक टक्का बी-१२ आतड्यातून आपसूक झिरपतं. ५०० घेतलं की पाच आत जातं.

आपल्याकडे ही चर्चा शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू व्हायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे आणि परिसरातल्या पुरुषांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं. म्हणजे यकृतातली जी शिल्लक पश्चिमेकडच्या रुग्णाला काही वर्षं सांभाळते, ती आपल्या शाकाहारी माणसाकडे मुळातच अपुरी. त्यातून जेवणावर लगेच चहा, आणि चहातलं टॅनिन लोह अडवतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर एकमेकांच्या आड येतात, म्हणून दोन तासांचं अंतर. कॅल्शियम एका वेळी पाचशे-सहाशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून त्याचेही दोन-तीन भाग. आणि आम्ल कमी म्हणून कार्बोनेटऐवजी सायट्रेट. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले की कुणीतरी झिंकच्या गोळ्या सुचवतं. झिंक जास्त झालं की तांबं कमी होतं, आणि तांब्याच्या कमतरतेने मज्जारज्जूला होणारी इजा हुबेहूब बी-१२च्या कमतरतेसारखी दिसते. मग बी-१२ची इंजेक्शनं सुरू होतात, रिपोर्टमध्ये बी-१२ छान येतं, आणि चालताना पाय मात्र तसेच लटपटत राहतात.