वेगाची हौस आणि लांबचा पल्ला

दमदार मोटारसायकलचं स्वप्न अनेक तरुण पाहतात. पण शोरूममध्ये मन मोहून टाकणारी गाडी रोजच्या रस्त्यावर आणि लांबच्या प्रवासात कशी साथ देते, हे ती वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांच्या अनुभवातूनच समजून घ्यायला हवं.

मुलगा नोकरीला लागतो. पहिले दोन-चार पगार हाती पडतात आणि एके दिवशी जेवताना तो हळूच विषय काढतो, मोटारसायकल घ्यायची आहे. वडील विचारतात, ॲव्हरेज किती देते? आईच्या हातातली पोळी तव्यावरच राहते, कारण तिच्या डोळ्यांसमोर पेपरमधल्या अपघाताच्या बातम्या उभ्या राहतात. मुलाच्या मनात मात्र ना ॲव्हरेज असतं, ना अपघात. त्याला दिसत असतो घाटातला वळणावळणाचा रस्ता, लडाखची निळी सरोवरं आणि हेल्मेट काखेत धरून उभा असलेला तो स्वतः.

अशा वेळी बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. एक तर ठाम नकार, नाही तर रोजच्या कटकटीला कंटाळून दिलेला होकार. गाडी कुठली, कशासाठी आणि ती चालवायला तो खरोखर शिकला आहे का, हे प्रश्न मात्र तसेच राहून जातात.

वेड जुनंच आहे

मोटारसायकलचं वेड हे काही आजच्या पिढीचं नाही. आज मुलाला अडवणाऱ्या वडिलांनीही कधी काळी बुलेट, जावा किंवा येझदीकडे मान वळवून पाहिलेलं असतं. म्हैसूरला तयार होणाऱ्या जावा आणि येझदीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, पण त्या जपून ठेवणारे शौकीन अजून आहेत.

जुन्या बुलेटच्या मालकांचे अनुभव तर ऐकण्यासारखे असतात. तिला चालू करणं हीच एक कला होती. ॲमीटरचा काटा मध्ये आणायचा, मग अंदाज घेऊन किक मारायची. अंदाज चुकला, की किक उलटून नडगीवर बसायची. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असल्याने दुसऱ्याची गाडी चालवायला घेणारा हमखास गोंधळायचा. थरथरीने नटबोल्ट ढिले व्हायचे. तरीही मालक तिला विकायला तयार नसत. त्याचं कारण साधं होतं. ती ताशी ६० किलोमीटरच्या संथ चालीने दिवसभर न कुरकुरता चालायची आणि बिघडलीच, तर कुठल्याही तालुक्याच्या गावी तिला दुरुस्त करणारा मिस्त्री भेटायचा.

याच्या अगदी उलट अनुभव होता राजदूत ३५० चा. जपानच्या यामाहाच्या तंत्रावर बनलेली ही दोन सिलिंडरची गाडी १९८३ मध्ये भारतात आली. तिच्या वेगापुढे त्या काळातली कुठलीही देशी मोटारसायकल टिकत नव्हती. पण ती पेट्रोल भरपूर प्यायची आणि एवढ्या ताकदीच्या गाडीला पुढचा ब्रेकही साधा ड्रमचाच होता. गाडी पळायला जेवढी तत्पर, तेवढी थांबायला नव्हती. काही वर्षांतच तिचं उत्पादन बंद झालं. आज तिचे चाहते तिला जिवापाड जपतात, पण नवख्याच्या हाती देत नाहीत.

स्पोर्ट्स बाईक : देखणी, पण हट्टी

पुढे १९९९ मध्ये हीरो होंडाची सीबीझेड आली, २००१ मध्ये पुण्याच्या बजाजची पल्सर, २००३ मध्ये करिझ्मा आणि २००८ मध्ये यामाहाची आर-१५. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली केटीएम ड्यूक २०१२ मध्ये बाजारात उतरली. डिस्क ब्रेक, फ्युएल इंजेक्शन, रुंद टायर हे शब्द कॉलेजच्या कट्ट्यावर रुळले.

स्पोर्ट्स बाईक ही मुळात शर्यतीच्या गाडीची बहीण. तिचं हँडल खाली, पाय ठेवायची जागा मागे आणि वर. चालवणारा टाकीवर ओणवा झालेला. ताशी शंभरच्या पुढे ही बैठक उत्तम असते. समोरचा वारा डोक्यावरून निघून जातो आणि वळणावर गाडीचा पूर्ण अंदाज येतो. पण ऑफिसला जाताना दर शंभर पावलांवर थांबावं लागतं, तेव्हा हाच वाकलेला देह सगळा भार मनगटांवर टाकतो. आधी मनगट दुखतं, मग मान आणि मग कंबर. उन्हाळ्याच्या दिवसांत सिग्नलला उभं राहिलं, की इंजिनाचा पंखा गरम हवा थेट मांड्यांवर सोडतो.

म्हणूनच ही गाडी घेतलेले अनेक जण वर्षभरात एकच गोष्ट सांगू लागतात : रविवारी पहाटे ती स्वर्ग वाटते आणि सोमवारी सकाळी शिक्षा.

वेगाला रस्ता कुठे आहे?

आणखी एक अडचण खरेदीच्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. वेगासाठी बांधलेल्या अनेक रस्त्यांवर मोटारसायकलला प्रवेशच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग इथेही तीच गत. म्हणजे लाखो रुपयांची वेगवान गाडी घेऊन तरुण निघतो, तो जुन्या रस्त्याने. तिथे त्याच्या सोबतीला असतात रिक्षा, उसाचे ट्रॅक्टर, अचानक आडव्या येणाऱ्या म्हशी आणि रंग उडालेले गतिरोधक.

इथे शाळेत शिकलेलं थोडं गणित आठवावं. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, तर ताशी १०० च्या वेगात २८ मीटर. समोर काही आलं, हे मेंदूला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक तर अजून लागायचाच असतो. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. एवढा सगळा खेळ चालतो तो रस्त्याला टेकलेल्या टायरच्या दोन पट्ट्यांवर आणि त्या प्रत्येकी जेमतेम तळहाताएवढ्या असतात. त्याखाली बारीक खडी आली किंवा पहिल्या पावसाने रस्त्यावरचं तेल वर आलं, तर कसलेला चालकही हतबल होतो.

ज्यांना वेगाची खरीच हौस आहे, त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइमतूरचा करी स्पीडवे आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. तिथे समोरून कुणी येत नाही. ट्रॅकवर एकदा रीतसर शिकून आलेले चालक बरेचदा रस्त्यावर संथ होतात, कारण वेग म्हणजे काय हे त्यांनी पाहिलेलं असतं.

लांबच्या पल्ल्याची गाडी

टूरिंगची मोटारसायकल वेगळ्या स्वभावाची. हँडल उंच आणि रुंद, बैठक ताठ, टाकी मोठी, मागे सामान बांधायला जागा. तिचं कौतुक सर्वाधिक वेगासाठी होत नाही. ताशी ८० च्या चालीने चार तास चालवूनही उतरताना कंबर धरावी लागली नाही, यासाठी होतं. रॉयल एनफील्डची २०१६ मध्ये आलेली हिमालयन याच कारणाने अनेकांनी घेतली.

या गाड्यांचं पंढरपूर म्हणजे लडाख. मनालीहून लेहपर्यंतचा रस्ता पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगची चढण टाळता येते, पण त्यापुढचे बारालाचा ला आणि तांगलांग ला हे घाट चढावेच लागतात. तांगलांग ला पाच हजार मीटरहून उंच आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याच्या जवळ येतो. तिथे इंजिन दमतं आणि माणूसही. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या धूर सोडून धापा टाकतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोलचं प्रमाण सांभाळून घेतात, तरी त्यांचीही ताकद घटतेच.

तिथे जाऊन आलेले लोक फोटोंपेक्षा वेगळ्याच गोष्टी आठवणीने सांगतात. रस्त्यावरून वाहणारे नाले सकाळी घोट्याएवढे असतात, दुपारी बर्फ वितळल्यावर गुडघ्याएवढे होतात. म्हणून पहाटे निघायचं. लेहला पोचल्यावर एक-दोन दिवस नुसता आराम करायचा, लगेच खारदुंग ला गाठायला धावायचं नाही. डोकं सतत दुखू लागलं, उलटी झाली, तर बहादुरी न दाखवता खाली उतरायचं. पंक्चरचं सामान, जास्तीची क्लच केबल आणि चेनला घालायचं तेल जवळ हवंच. आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. हा शेवटचा नियम लडाखइतकाच कोकणात जातानाही लागू आहे.

लांबच्या प्रवासाचा खरा शत्रू थकवा असतो. वाऱ्याचा सतत मारा, कानातला आवाज आणि ऊन यांनी शरीरातलं पाणी कमी होतं, पण चालवण्याच्या नादात ते जाणवत नाही. तास-दीड तासाने थांबून पाणी पिणारा, दोन पावलं चालणारा माणूस संध्याकाळी मुक्कामी ताजा पोचतो.

मागच्या सीटवरचं माणूस

लग्नानंतर गाडीचा हिशेब बदलतो. स्पोर्ट्स बाईकची मागची सीट उंच, अरुंद आणि टेकायला काही नसलेली. ब्रेक लागला, की मागचं माणूस पुढच्यावर आदळतं. साडी किंवा ओढणी चाकात अडकून झालेले अपघात कुणाला ठाऊक नाहीत? म्हणून गाडी घेताना मागे बसणाऱ्या व्यक्तीलाही शोरूममध्ये न्यावं आणि बसवून पाहावं. तिचं मत हे निम्मं मत आहे.

आता तर मागेच बसायचं, असंही राहिलेलं नाही. ‘बायकर्नी’ ही महिला मोटारसायकलस्वारांची संघटना २०११ मध्ये सुरू झाली. घरातल्या मुलीनेही उद्या हाच विषय काढला, तर तिच्यासाठी नियम तेच, जे मुलासाठी.

किमतीपलीकडचा खर्च

खिशाचाही विचार हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवरचा ४० टक्के. विम्याचा हप्ताही सीसीप्रमाणे चढतो. स्पोर्ट्स बाईकचे मऊ टायर रस्ता घट्ट धरतात, पण लवकर झिजतात. साधारण दर ५०० किलोमीटरला चेनला तेल घालण्याची सवय लावावी लागते. हेल्मेट, जाड जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट यांचा खर्च गाडीच्या किमतीतच धरायला हवा. ते घेण्याइतके पैसे उरत नसतील, तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची समजावी.

पायऱ्या घरानेच ठेवाव्यात

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा बळी गेला आणि त्यांत शंभरामागे चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे होते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झालं, ही चांगलीच गोष्ट. जोरात ब्रेक दाबला, तरी चाक जागीच जाम होऊन घसरत नाही. हेल्मेट तर चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही कायद्याने सक्तीचं आहे. त्यावर आयएसआयची खूण हवी आणि पट्टा बांधलेला हवा. कोपरावर लटकवलेलं हेल्मेट पोलिसापासूनही वाचवत नाही.

पण कायदा एका ठिकाणी गप्प आहे. युरोपात नवशिक्याला आधी कमी ताकदीची गाडी, मग मधली आणि मग मोठी, अशा पायऱ्यांनी परवाना मिळतो. आपल्याकडे १०० सीसीच्या साध्या गाडीवर परीक्षा देऊन मिळवलेला परवाना १००० सीसीच्या गाडीलाही चालतो. अठरा वर्षांचा मुलगा सकाळी परवाना घेऊन संध्याकाळी शर्यतीची गाडी घरी आणू शकतो. त्याला अडवणारा कुणी नाही, घराशिवाय.

म्हणून त्या पायऱ्या घरानेच ठेवायच्या. दोन-तीन वर्षं साधी १००-१२५ सीसीची गाडी, मग दीडशे-दोनशे, मग हौसेची. वीस-पंचवीस वर्षं लांबचा प्रवास करून सुखरूप असलेल्या मोटारसायकलस्वारांकडे पाहिलं, तर त्यांच्यातले बहुतेक याच वाटेने चढत आलेले दिसतात. आणि पहिला लांबचा प्रवास एखाद्या पोक्त, जाणत्या चालकाबरोबर व्हावा, तोही ताम्हिणीचा किंवा महाबळेश्वरचा. लडाख कुठे पळून जात नाही.

आई-वडिलांनी नकार देऊन प्रश्न सुटत नाही. नकार मिळालेला मुलगा मित्राची गाडी मागून चालवतो, तीही बिनहेल्मेटची. त्यापेक्षा त्याच्याबरोबर शोरूममध्ये जावं, गाडी ताशी किती पळते, याऐवजी ब्रेक कसे आहेत हे विचारावं आणि गाडीच्या आधी हेल्मेट विकत घ्यावं. तरुणांनीही एवढं लक्षात ठेवावं, की संध्याकाळी फाटकाशी ओळखीचा आवाज येऊन थांबेपर्यंत घरात कुणीतरी ताट झाकून बसलेलं असतं.