नमुना आठ वाचल्याशिवाय घरपट्टीचा न्याय नाही

घरपट्टीच्या लढ्यांचा आढावा म्हटलं की आपल्याकडे पुण्या-मुंबईपलीकडे कुणाची नजर जात नाही. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर आकारणी आली, पुढे 2022 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी मिळाली. पुण्यात 2018 पासून काढून घेतलेली 40 टक्क्यांची सवलत नागरिकांच्या रेट्यामुळे 2023 मध्ये परत आली. नाशिकला 2018 मध्ये मोकळ्या जमिनीवरच्या करावरून शेतकरी रस्त्यावर उतरले. कल्याण-डोंबिवलीत 2015 साली घेतलेली 27 गावं वाढीव कराविरुद्ध वर्षानुवर्षं भांडत राहिली. ही सगळी आंदोलनं खरी आणि मोलाची आहेत, पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात घरपट्टीचा न्याय म्हणजे काय, याबद्दल मात्र कुणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून हा लेख.

खेड्यात सगळी गोष्ट नमुना आठपाशी येऊन थांबते. कर आकारणीची ही नोंदवही. तिच्यात घर कुणाचं, किती लांब-रुंद, मातीचं की सिमेंटचं, राहायचं की दुकानाचं, हे लिहिलेलं असतं, आणि त्यावरून पट्टी ठरते. 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम आणि 1960 चे कर व फी नियम हा तिचा पाया. मध्यंतरी बरीच वर्षं आकारणी नुसत्या क्षेत्रफळावर होती, आणि तिचा खरा मार मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांना बसला. आमच्याकडे घर खणांवर मोजतात. नऊ-दहा खणांचं जुनं माळवद, त्यातले सहा खण पावसात बसलेले, दार ढासळलेलं, आणि उरलेल्यांपैकी दोन खणांत एक म्हातारी चूल पेटवून राहते. तिला पट्टी मात्र आख्ख्या घराची. समोर स्लॅबचा टुमदार बंगला. जागा कमी, म्हणून त्याला तिच्या मानाने किरकोळ कर. ब्रिटनमध्ये 1990 साली गरीब-श्रीमंत सगळ्यांना डोईमागे सारखाच कर लावला, तर लोकांनी तो टिकू दिला नाही. आमच्याकडची क्षेत्रफळाची आकारणी उच्च न्यायालयात टिकली नाही आणि 31 डिसेंबर 2015 च्या सुधारित नियमांनी भांडवली मूल्य आलं. जागेचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापराचा भारांक. कागदावर ही रीत पुष्कळ न्याय्य आहे. म्हातारीच्या माळवदाला घसारा मिळतो, रस्त्याकाठी पुढच्या दोन खणांत दुकान काढणाऱ्याला जास्त भारांक लागतो.

पण हे केव्हा? नमुना आठमधली नोंद खरी असेल तेव्हा. आमचे काही मित्र दर निवडणुकीला ‘घरपट्टी माफ करा’ म्हणून घोषणा देतात, काही नुसता दर कमी करून मागतात. माझं त्यांच्याशी जन्माचं भांडण आहे. नोंद खोटी असेल तर दर निम्मा करूनही अन्याय निम्मा उरतोच. म्हणून माझा हट्ट एकच: नमुना आठ भर ग्रामसभेत मोठ्याने वाचा.

हे वाचन मी जिथे जिथे पाहिलं, तिथे पहिली दहा पानं कंटाळवाणी जातात. मग एखादं नाव येतं आणि मागून कुणी तरी म्हणतं, “अहो, ते वारून बारा वर्षं झाली की!” कुणाचा पाडलेला गोठा अजून पट्टी भरतोय, कुणाच्या दोन मजल्यांतला एकच मजला वहीत आहे, हे गाव स्वतःच सांगू लागतं. एका सभेत वहीत ‘पक्के घर’ लिहिलेल्या एका पत्र्याच्या घराची मालकीण उठून म्हणाली, “सायेब, या घरी या आन् भिंतीला बोट लावून बघा.” माती होती. नोंद तिथल्या तिथे दुरुस्तीला गेली.

बायकांची नावं हा त्याच वाचनाचा दुसरा लाभ. 2003 च्या शासन निर्णयाने नवरा-बायको दोघांची नावं नमुना आठवर लावायची सोय झाली. पट्टी बाई भरते, पावती मात्र नवऱ्याच्या, नाहीतर मेलेल्या सासऱ्याच्या नावाची. उद्या घराबाहेर काढलं तर तिच्या हातात कागद नाही. ज्या गावांनी हे काम मनावर घेतलं, तिथल्या परित्यक्ता आणि विधवांना त्याचं मोल ठाऊक आहे.

बीडचं पंचांगही वेगळं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परत येतात उन्हाळ्याच्या तोंडावर. आणि वसुलीची धावपळ मार्चमध्ये! दाराला कुलूप, नोटीस कुलपाला अडकवलेली. दर चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीची यादी ऐन हंगामात लागली तर हरकत घ्यायला गावात आहे कोण? नियमाप्रमाणे सप्टेंबरअखेर भरणाऱ्याला 5 टक्के सूट आहे. मुकादमाची उचल हातात येते तीही पावसाळ्यातच. यादी, हरकती आणि वसुली, सगळं भाद्रपदाच्या आत झालं पाहिजे, हे मी सांगून सांगून थकलो.

साखर कारखान्यांसारख्या कारखान्यांसाठी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 125 ने करांऐवजी ठोक रकमेची वाट काढली. तो आकडा गावाला कधी सांगितला जातो? मोबाइलचे मनोरे करपात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात 2016 मध्येच मान्य केलं. मोठ्यांची नोंद आधी वाचावी, हा साधा शिरस्ता.

पट्टी भरायला लोक तयार असतात, हे छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने दाखवलं. पूर्ण कर भरणाऱ्याला दळण फुकट. भास्करराव पेरे पाटलांच्या त्या गावात पैसा कुठे गेला हे चक्कीवर दिसत होतं.

आता काय चाललंय? 2025 च्या समृद्ध पंचायतराज अभियानात निवासी घरांच्या जुन्या थकबाकीवर निम्मी सूट देण्याची मुभा ग्रामपंचायतींना मिळाली. ज्या मजुराने कारखान्यावरून येऊन दरसाल पूर्ण पट्टी भरली, त्याच्या पदरात काय पडलं? थकबाकीदार सदस्य अपात्र ठरतो, म्हणून अर्ज भरायच्या दिवसांत पुढाऱ्यांची थकबाकी एका दिवसात जमा होते; गरिबाचा दाखला मात्र पट्टीसाठी अडवला जातो. ग्रामसभा सह्यांपुरत्या उरल्या. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली, फार चांगलं झालं, पण ती मापं नमुना आठशी ताडून पाहायला माणसंच बसत नाहीत. पूर्वी पारावर वहीभोवती बसणारी तरुण पोरं आज कुठे आहेत?

दिवाळीला गावी आलेल्या वाचकांना एवढंच सांगणं: जायच्या आधी आपल्या घराचा नमुना आठचा उतारा काढा, आणि शेजारच्या म्हातारीचाही. मापं, घराचा प्रकार, वय, नाव तपासा. चूक असेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. ग्रामपंचायतीने ऐकलं नाही तर कलम 124 प्रमाणे पंचायत समितीकडे अपील करता येतं, त्यावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वही वाचायला लावा.